चरबी कुठे गेली?

प्रिय मावशी,



तुझ्या रिपोर्टात दोन मणक्यांची नावं आहेत आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. एल-१ खचलाय आणि त्याच्या मज्जेचा सिग्नल बदललाय. एल-४ मध्ये एक लहानसा डाग आहे. खाली लिहिलंय, मेटास्टॅसिस की ऑस्टिओपोरोसिसचं फ्रॅक्चर, क्लिनिकल कोरिलेशन करावे. आठ वर्षांपूर्वीचं तुझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ज्याला ठाऊक आहे, त्याला या कागदावर 'मेटास्टॅसिस', म्हणजे पसरून आलेला कॅन्सर, सोडून दुसरं काही दिसणारच नाही. तुलाही दिसलं नाही. फोनवर तू म्हणालीस, "म्हणजे आलाच ना परत?" आणि माझं उत्तर यायच्या आत काकांच्या पथ्याकडे वळलीस.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तुला विचारूनच हे छापायलाही देते आहे, कारण असे प्रश्नचिन्हवाले रिपोर्ट मी स्वतः रोज लिहिते आणि ते हातात घेऊन रिक्षात बसणाऱ्या माणसाशी आमची गाठ क्वचितच पडते. आम्ही अंधाऱ्या खोलीत हाडं बघतो, माणूस बाहेरच्या बाकड्यावर असतो. आणि तू दोनदा विचारलंस, "एकदा एमआरआय झालेला असताना मला परत त्या बोगद्यात कशाला घातलं?" ते मीच घालायला लावलं होतं. त्याचा जाब द्यायला हवा.

मणका बाहेरून टणक दिसतो, पण आत हाडाची बारीक जाळी असते आणि त्या जाळीत मज्जा. जन्माला येतो तेव्हा सगळ्या हाडांतली मज्जा लाल असते, रक्त तयार करणारी. मग हातापायांच्या टोकांपासून ती हळूहळू पिवळी होत जाते, म्हणजे चरबीची होते, आणि पंचविशीच्या सुमाराला लाल मज्जा मुख्यतः मणके, कमरेची हाडं, बरगड्या, छातीचं हाड अशा मधल्या भागात उरते. गंमत अशी, की ही 'लाल' मज्जाही निव्वळ लाल नसते. तिच्यात सुमारे ४० टक्के चरबी असतेच. पिवळीत ८० टक्के. वय वाढतं तशी मणक्यातली चरबीही वाढत जाते. म्हणजे तू आयुष्यभर तेल मोजून घातलंस तरी मणक्यांनी आपला साठा केलेलाच आहे, आणि या वेळी तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

कॅन्सरच्या पेशी मज्जेत येतात तेव्हा दाटीवाटीने वाढतात आणि वाढताना तिथल्या चरबीच्या पेशींना हुसकावून लावतात. साध्या गोष्टी बहुतेकदा तसं करत नाहीत. मार लागून आलेली सूज, लाल मज्जेचं एखादं बेट, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, यांत पाणी वाढतं, पण मधेमधे चरबी शिल्लक राहते. म्हणून तुझ्या मणक्याकडे बघताना 'डाग आहे का' हा माझा प्रश्नच नसतो. डाग आहे, तो तुझ्या सेंटरच्या डॉक्टरांनी बरोबर पकडलाय. मी बघते ते एवढंच, की डागाच्या जागेवरची चरबी अजून तिथे आहे की गेली.

एमआरआयच्या टी-१ नावाच्या चित्रात चरबी पांढरी दिसते आणि पाणी काळपट. त्यात एक ढोबळ नियम आम्ही पाळतो: मणक्यातला भाग शेजारच्या गादीपेक्षा, तीच गादी जी सरकते असं सगळे म्हणतात, किंवा पाठीच्या स्नायूंपेक्षा काळा दिसला की संशय घ्यायचा. निरोगी लाल मज्जासुद्धा प्रौढ माणसात गादीपेक्षा उजळ असते. नियम चांगला आहे, पण ताज्या फ्रॅक्चरमध्ये तो फसवतो. मणका खचला की आत रक्त आणि पाणी साचतं आणि ते सगळं काळं दिसतं. तुझा एल-१ अशाच तऱ्हेने काळा दिसला आणि रिपोर्टात प्रश्नचिन्ह आलं. लिहिणाऱ्याने ते टाळलं असतं तर मी त्याच्यावर चिडले असते.

ही फसगत एमआरआयच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९७१ मध्ये रेमंड डेमेडियन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं, की उंदरांच्या गाठीतलं पाणी चुंबकीय क्षेत्रात निरोगी अवयवांतल्या पाण्यापेक्षा वेगळं वागतं, शांत व्हायला जास्त वेळ घेतं. त्याला वाटलं, कॅन्सर ओळखायचं यंत्र सापडलं. यंत्र सापडलं खरं, पण कॅन्सर ओळखण्याचा तेवढा सोपा मार्ग मात्र नाही, कारण नुसत्या सुजेतलं पाणीही तसंच वागतं. पाण्यावरून निकाल लावता येत नाही हे कळायला काही वर्षं गेली. चरबीवरून लावता येईल ही वाट मोकळी झाली ती थॉमस डिक्सन यांच्या १९८४ सालच्या एका छोट्या लेखामुळे. आजही मशिनच्या पडद्यावर त्या पद्धतीला 'डिक्सन' असंच म्हणतात.

आता तुला परत आत का घातलं ते. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकात गिरक्या घेतात, पण अगदी एकाच वेगाने नाही. दीड टेस्ला ताकदीच्या मशिनमध्ये त्यांच्यात सेकंदाला सुमारे २२० गिरक्यांचा फरक पडतो. त्यामुळे साधारण २.३ मिलिसेकंदांनी दोघं एकमेकांच्या नेमके विरुद्ध तोंड करून असतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा एका दिशेला येतात. आम्ही दोन्ही क्षणी चित्र घेतो. एका दिशेला असताना दोघांचा सिग्नल मिळवला जातो, विरुद्ध असताना वजा होतो. तू शाळेत रस्सीखेच घ्यायचीस तेव्हा दोन्ही संघ तोलामोलाचे असले की मधली गाठ जागची हलायची नाही. आणि एक संघ मैदान सोडून गेला तर दोर सरळ दुसऱ्याकडे. ज्या ठिपक्यात पाणी आणि चरबी दोन्ही आहेत तो विरुद्ध दिशेच्या चित्रात काळवंडतो. ज्या ठिपक्यातली चरबी गेली आहे, तिथे वजा करायला कोणी नाही, म्हणून तो तसाच उजळ राहतो.

काळवंडतो म्हणजे किती, तेही मोजता येतं. दोन्ही चित्रांत त्याच जागी कर्सरने एक गोल काढायचा आणि आकडे वाचायचे. सिग्नल २० टक्क्यांहून जास्त उतरला तर चरबी शिल्लक आहे, घातक असण्याची शक्यता कमी. त्याहून कमी उतरला तर संशय कायम. तीन टेस्लाच्या मशिनवर ही रेघ थोडी वर सरकवावी असं काही जणांचं म्हणणं आहे, म्हणून मी तुझ्या सेंटरला आधी विचारलं की मशिन किती टेस्लाचं. दीड निघालं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम, सुई नाही, औषध नाही. हे दोन सिक्वेन्स मणक्याच्या नेहमीच्या तपासणीत बऱ्याच ठिकाणी घेतलेच जात नाहीत. मशिनमध्ये सोय असते, कोणी मागत नाही. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या पाठीचा एमआरआय असेल तर ते न मागता घ्यायला हवेत असं माझं ठाम मत आहे, आणि हे पत्र छापायला देण्यामागे तोही एक स्वार्थ आहे.

तुझा एल-१: एका दिशेच्या चित्रात आकडा २४०, विरुद्ध दिशेच्या चित्रात १३०. म्हणजे पंचेचाळीस टक्क्यांच्या वर उतार. चरबी आहे, मावशी.

फक्त आकड्यावर मी थांबलेले नाही. खचलेल्या मणक्याची घडणही बोलते. तुझ्यात काळा पट्टा मणक्याच्या वरच्या कडेला आडवा आहे आणि त्याखाली नेहमीसारखी पांढरी मज्जा नीट दिसते. वरच्या कडेखाली पाण्याची एक बारीक रेघही आहे, ती बहुतेक वेळा ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरमध्येच सापडते. मागच्या बाजूचा वरचा कोपरा थोडा मागे ढकलला गेलाय. कॅन्सरने खचलेल्या मणक्याची मागची भिंत सहसा पोट सुटल्यासारखी अख्खी फुगते, बाजूचे खांब पोखरले जातात आणि मज्जारज्जूभोवती मांसल गाठ दिसते. यातलं तुझ्यात काही नाही. तेव्हा बादली उचलताना पाठीत कट्‌कन झालं असं तू सांगितलंस ते खरं मानायला माझी हरकत नाही.

यात एक गोष्ट मला फार खटकते. ऑपरेशननंतर तू पाच वर्षं लेट्रोझोल घेतलंस. ती गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवते. कॅन्सरला दूर ठेवायला तेच हवं असतं, आणि हाडं झिजायला तेवढं पुरतं. म्हणजे ज्या आजारामुळे आज सगळ्यांना मेटास्टॅसिसची शंका येते, त्याच आजाराच्या औषधाने हा साधा मणका खचू शकतो. रिपोर्टच्या वर 'के/सी/ओ कार्सिनोमा ब्रेस्ट', म्हणजे स्तनाचा कॅन्सर झालेली रुग्ण, एवढं छापलं होतं, लेट्रोझोलचा उल्लेख कुठेही नव्हता. ती गोळी सुरू करताना हाडांची डेक्सा तपासणी करायची असते आणि मध्येमध्ये परत करायची असते. तुझी एकदाही झालेली नाही हे मला परवा कळलं. ती आता होईल. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि त्यावर आज चांगली औषधं आहेत. कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागणार नाही.

आता एल-४. तिथे मी तुला एवढं सरळ उत्तर देऊ शकत नाही.

तो डाग जेमतेम बोराएवढा आहे. सिग्नल फक्त बारा टक्क्यांनी उतरला, म्हणजे रेघेच्या अलीकडेच राहिला. याचा अर्थ कॅन्सर असा होत नाही. आमची ही युक्ती दोन्ही बाजूंनी चुकते. रक्तवाहिन्यांच्या गाठी, हेमँजिओमा, सुमारे दर दहा माणसांमागे एकाच्या मणक्यात असतात आणि बहुतेकांना त्या कधी कळतही नाहीत. एरवी त्या चरबीने भरलेल्या आणि टी-१ वर पांढऱ्या असतात, पण काहींत चरबी कमी असते आणि मग त्या कॅन्सरची सोंगं घेतात. हाडाच्या आत कधीकधी दगडासारखा घट्ट खडा असतो, बोन आयलंड म्हणतात त्याला, तो प्रत्येक चित्रात काळाच. उलट बाजूने, मूत्रपिंडाच्या एका प्रकारच्या कॅन्सरच्या पेशींत स्वतःचीच चरबी असते, त्यामुळे त्याचा डाग निर्दोष भासू शकतो. आणि मायलोमा सुरुवातीला चरबीच्या मधून विरळ पसरतो तेव्हा सिग्नल छान उतरतो, आम्ही निर्धास्त होतो आणि आजार तिथेच असतो.

डिफ्यूजन नावाचा आणखी एक सिक्वेन्स तुझ्या रिपोर्टात आहे, 'डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन दिसते' असं वाक्य. त्याने घाबरू नकोस. पेशी दाट असल्या की पाण्याच्या रेणूंना हालचाल करायला जागा उरत नाही आणि जागा उजळ दिसते, ही त्यामागची कल्पना. १९९८ मध्ये म्युनिकच्या गटाने दाखवलं, की खचलेल्या मणक्यांत यावरून साधं आणि घातक वेगळं करता येतं. तेव्हा मोठा उत्साह होता. पुढे इतरांना सगळीकडे तसं स्वच्छ चित्र मिळालं नाही. शिवाय चरबीने भरलेल्या निरोगी मज्जेचेच आकडे मुळात कमी येतात, त्यामुळे मेंदूत जो आकडा धोक्याचा तो मणक्यात रोजचा असू शकतो. मी तो सिक्वेन्स बघते, पण निकाल त्याच्यावर ठेवत नाही. 'कॉन्ट्रास्ट देऊन करा की' असं बापूमामा म्हणाले. ताजं फ्रॅक्चरही कॉन्ट्रास्ट घेतं, तेव्हा त्याने वाद मिटत नाही. बोन स्कॅनचंही तेच, फ्रॅक्चर आणि मेटास्टॅसिस दोन्ही तिथे चमकतात. पेट स्कॅन जास्त सांगतो, पण एका बोराएवढ्या डागासाठी मी तुला सगळ्यात आधी तिकडे पाठवणार नाही.

स्तनाचा कॅन्सर मणक्यातच का शिरतो, असं तू विचारलंस. १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅट्सन यांनी मणक्यांभोवतीच्या शिरांचं जाळं तपासलं. त्या शिरांत झडपा नाहीत. खोकलं, कुंथलं की रक्त उलटंही वाहतं आणि त्याबरोबर पेशी थेट मणक्यात पोचू शकतात. वाट आहे, हे खरं. पण तिथे दिसणारा प्रत्येक डाग त्याच वाटेने आला असं नाही.

आपल्याकडे आणखी एक उमेदवार कायम रांगेत असतो, तो म्हणजे टीबी. परदेशी पुस्तकात तो तळाशी असतो, आपल्याकडे मी त्याला वरच्या दोघातिघांत धरते. मणक्याचा टीबी सहसा दोन शेजारच्या मणक्यांना धरतो, मधली गादी खातो आणि बाजूला पू साचवतो. कॅन्सर बहुधा गादीला हात लावत नाही, म्हणून गादी शाबूत की नाही हे आम्ही आधी बघतो. पण कधीकधी टीबी एकाच मणक्याच्या पोटात बसतो, गादी नीट असते आणि तो हुबेहूब मेटास्टॅसिससारखा दिसतो. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला टीबी होत नाही असा काही करार नाही.

म्हणून गुरुवारी एल-४ चा साधा सीटी स्कॅन ठरवलाय, फक्त तेवढ्या भागाचा. एमआरआय मज्जा दाखवतो, सीटी हाडाची जाळी. डागात जाड उभ्या काड्या दिसल्या, आडव्या छेदात ठिपक्याठिपक्यांचं कापड दिसावं तशा, तर तो हेमँजिओमा आणि आपण घरी. घट्ट पांढरा खडा दिसला तर त्याची घनता मोजायची. सरासरी ८८५ हाउन्सफील्ड युनिटच्या वर असेल तर बोन आयलंडकडे कौल जातो. जाळी खाल्लेली दिसली तर मात्र पुढची पायरी बायोप्सी.

त्यावर तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. सुई लागली की पसरतो, शेजारच्या काकूंचं तसंच झालं. काकूंचा आजार सुई लागण्याआधीच पसरलेला होता, सुईने तो फक्त सांगितला. सुईच्या वाटेने पेशी रुजणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. बायोप्सीचा उपयोग 'आहे की नाही' एवढाच नसतो. आठ वर्षांपूर्वीच्या गाठीवर हार्मोनचे रिसेप्टर होते म्हणून तुला लेट्रोझोल मिळालं. नवीन जागेत आलेल्या पेशींचे रिसेप्टर बदललेले असू शकतात आणि औषध त्यावर ठरतं. समजा तो कॅन्सरच निघाला, तरी हाडापुरत्या मर्यादित स्तनाच्या कॅन्सरवर आज गोळ्यांनी आणि हाडं सांभाळणाऱ्या इंजेक्शनांनी वर्षानुवर्षं चालणारी माणसं मी बघते. दर काही महिन्यांनी येतात, सीडी देतात, नातवंडांचे फोटो दाखवतात. आणि एक लक्षात ठेव, दादालाही सांगून ठेव: बायोप्सी झालीच तर तुकडे दोन घ्यायला सांगायचे. एक फॉर्मलिनमध्ये, पॅथॉलॉजीला. दुसरा नुसत्या सलाइनमध्ये, टीबीच्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चरला. सगळंच फॉर्मलिनमध्ये टाकलं की जंतू मरतात आणि कल्चर करायला काही उरत नाही. मग परत सुई.

सीटीनेही काही ठरलं नाही तर थांबणं हाही एक मार्ग आहे. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच एमआरआय, तेच सिक्वेन्स, शक्यतो तेच मशिन. एल-१ ची सूज तोवर ओसरायला लागेल आणि पांढरी चरबी परत दिसू लागेल. कॅन्सर असता तर ती परतली नसती. एल-४ चा डाग वाढतो की आहे तसाच राहतो तेही कळेल. मला माहीत आहे की डॉक्टरला थांबणं सोपं असतं, रात्री कुशीवर वळताना पाठीत कळ येते ती तुला. म्हणून पट्टा बांध, खाली वाकून काही उचलू नकोस आणि दुखण्याची गोळी वेळेवर घे, सोसून कोणी बक्षीस देत नाही. पायात मुंग्या आल्या, शक्ती गेल्यासारखी वाटली किंवा लघवी अडली तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच क्षणी मला फोन.

एक काम मात्र आजच कर. ऑपरेशनच्या वेळी तुझा छाती-पोटाचा सीटी झाला होता. त्यात कमरेचे मणके येतातच, एल-४ सुद्धा. तो डाग तेव्हाही तिथे तेवढाच असेल, तर आठ वर्षं जागचा न हललेला कॅन्सर मी तरी बघितलेला नाही, आणि मग गुरुवारच्या सीटीची कदाचित गरजही पडणार नाही. कागदी रिपोर्ट नको, त्यात एल-४ बद्दल कोणी लिहिलं नसणार. मला चित्रं हवीत. सीडी बहुतेक काकांच्या लोखंडी कपाटात, एलआयसीच्या फायलींच्या मागे आहे. फिल्म असतील तर त्या उन्हात ठेवू नकोस आणि गुंडाळू नकोस, सपाट पिशवीत घालून दादाबरोबर पाठव. सीडी ओरखडलेली असली तरी पाठव, इथला मुलगा बऱ्याचदा काढून देतो.

तुझी,
भाची